पिशवी चांगली होती, तिथंच चुकलं

...अन् वरून मलाच विचारतात, "ताई, तुम्ही नेमकं करता काय?" आता काय सांगू? मास्तरीण म्हणावं तर मी शाळेत जात नाही, अंगणवाडीची म्हणावं तर खिचडी शिजवत नाही, नर्सबाई म्हणावं तर सुई पाहूनच मला घेरी येते. माझ्या नेमणुकीच्या कागदावर लिहिलंय, "प्रशिक्षण रचना सहायक". हे तीन शब्द आमच्या गावात माझ्याशिवाय कुणी एका दमात म्हटलेले नाहीत, अन् पहिला महिनाभर मलाही मध्ये श्वास घ्यावा लागायचा. आमचे हे, म्हणजे नागोराव, त्यांनी तो कागद दोनदा वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली अन् म्हणाले, "अवो, म्हणजे तू शिकवणार काय?" म्हटलं, नाही, शिकवणारे वेगळे. काय शिकवायचं, आधी काय अन् मग काय, चित्र कोणतं दाखवायचं, प्रश्न कोणता विचारायचा, हे सगळं मी लिहायचं. तर म्हणाले, "म्हणजे नाटकात सोंग घेणारा वेगळा अन् नाटक लिहिणारा वेगळा, तसं." तुम्हाला सांगते, सव्वीस वर्षांच्या संसारात हा माणूस एवढं नेमकं पहिल्यांदाच बोलला.

पण नोकरी काही अशी सरळ नव्हती. ते बोंडअळीचं वर्ष. कापसाचे दिवस आधीच वाईट चाललेले, त्यात ही गुलाबी अळी आली. बोंड बाहेरून टपोरं, हसरं, अन् फोडून पाहावं तर आत पाहुणीण पाय पसरून बसलेली. जो काही चांगला कापूस हाती लागला, तो घेऊन आमच्या गावच्या दोन गाड्या राळेगावकडे जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, गेल्या अन् तशाच परत आल्या. काहून? तर म्हणे कापसात प्लास्टिकचे धागे. आता कापसाच्या झाडाला काय प्लास्टिक लागते? पण खरी गोष्ट अशी, की आमच्याकडं बाया वेचायला जाताना कमरेला खताचं रिकामं पोतं बांधतात. ते पोतं असतं प्लास्टिकच्या पट्ट्यांचं विणलेलं, उन्हानं विरतं, त्याचे बारीक धागे सुटतात, ते कापसात जातात, कापसातून सुतात, सुतातून कापडात, अन् त्या धाग्याला मेला रंगच चढत नाही. निळ्या शर्टावर पांढरी रेघ. म्हणून जिनिंगवाला म्हणाला, असा कापूस नको.

तेव्हा ती संस्था आली. बायांना स्वच्छ वेचणी शिकवायची, जिनिंगवाल्याशी बोलणं झालंय, कापसात धागा निघाला नाही तर गावाचा सगळा माल तो घेईल, असं ठरलं. अन् त्यांना पाहिजे होती एक बाई, दहावी पास, वेचणी माहीत असलेली अन् मराठी सरळ लिहिणारी. गावात अशी मी एकटीच निघाले. तीन महिने पाहणार, धडा जमला तर ठेवणार, नाही जमला तर घरी. आता मी कुणाजवळ बोलले नाही, पण मला ती नोकरी पाहिजे होती. दहावीनंतर तीस वर्षांनी कुणीतरी माझ्यापुढं लिहायला कोरा कागद ठेवला होता. तीस वर्षं मी फक्त किराण्याची यादी लिहिली, अन् तीसुद्धा पाकिटाच्या मागं.

माझ्या वरच्या मॅडम म्हणजे नुजहत मॅडम. पुसदच्या. वय सत्तावीस, माझ्या मैत्रेयीहून चारच वर्षांनी मोठ्या. पुण्याला जाऊन हेच शिकून आलेल्या... माणसांना शिकवावं कसं, याचं शिक्षण. असतं असं, मलाही माहीत नव्हतं. स्वभावानं लोण्यासारख्या, पण लाल पेन हातात आला की मी घाबरायची. मी पहिला धडा लिहिला, अकरा पानं. तीन रात्री बसून, सुंदर अक्षरात, खाली पट्टीनं रेघ मारून. सुरुवात केली, "भारत हा कृषिप्रधान देश आहे." मॅडमनी वाचलं. पहिली दोन पानं हळूच बाजूला ठेवली. मग तिसरं. मग चौथं. शेवटी एका ओळीवर बोट आलं. मी लिहिलं होतं, "या प्रशिक्षणानंतर महिलांना स्वच्छ वेचणीचे महत्त्व समजेल."

"ताई, समजेल ते ठीक. पण समजलं, हे मला दिसणार कसं?"

मी म्हटलं, त्या मान डोलावतील ना.

"मान तर मीही डोलावते, कुणी काही सांगितलं की." मॅडम हसल्या. "धडा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात बाई करेल काय, ते लिहा."

बस. तेव्हापासून ते वाक्य माझ्या मागं लागलं. बाई करेल काय? मी खोडते, पुन्हा लिहिते, "महिलांमध्ये जागृती निर्माण होईल." मॅडम म्हणतात, जागृती होऊन बाई करेल काय? मी लिहिते, "महिलांना जाणीव होईल." जाणीव होऊन बाई करेल काय? तुम्हाला सांगते, मला घरातही तेच दिसायला लागलं. ह्यांना म्हटलं, येताना गिरणीतून दळण आणा. हे म्हणाले, हो, समजलं. मी तिथंच उभी. म्हटलं, समजलं नको, तुम्ही उठून आधी काय कराल ते सांगा. बिचारे चप्पल घालून निघालेच. मैत्रेयी म्हणाली, "आई, तुझी संस्था लय खतरनाक दिसते."

शेवटी अकरा पानांचं एक पान झालं. त्यावर एकच ओळ उरली, "बाई खताच्या पोत्याऐवजी सुती पिशवी कमरेला बांधून कापूस वेचेल." अकरा पानांची मेहनत अन् एक ओळ. मला रडूच आलं. मॅडम म्हणाल्या, ताई, हेच तर कठीण असतं. अन् चहा पाजला.

मग चित्रं. चित्रं पुण्याहून काढून आली. मी ती आधी चंदाबाईला दाखवली. चंदाबाई म्हणजे आमच्या गावाला लागून तांडा आहे, तिथली. साठीची बाई, वेचणीत तिचा हात कुणी धरू शकत नाही अन् बोलण्यात तर कुणी त्या वाटेला जातच नाही. चित्रातल्या बाईला आखीव भुवया, ओठाला लाली, पदर असा वाऱ्यावर उडालेला. चंदाबाईनं लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं अन् म्हणाली, "हे बाई वेचाले आली का कोणाच्या लग्नाले?" मी ते लिहून पाठवलं. दुसरं चित्र आलं, लाली गेलेली, पदर खोचलेला. चंदाबाई म्हणाली, "आता बरी हाये. पण हिच्या पायात चप्पल काहून नाही? काटे काय हिचे नातेवाईक होत?" तेही लिहून पाठवलं. तिसऱ्या खेपेला चप्पल आली तेव्हा चंदाबाईनं त्या चित्राला पास केलं. पुण्याचा चित्रकार वैतागला असणार, पण मला लय गंमत वाटली. शाळेत मला कधी कुणी विचारलं नव्हतं, की बाई, पुस्तकातलं चित्र तुला पटते काय.

अन् मग पिशव्या आल्या. साठ. तिथंच खरं घोडं पेंड खात होतं, पण तेव्हा कुणाला ठाऊक. पांढऱ्याशुभ्र, जाड सुताच्या, कमरेला बांधायला रुंद पट्टे, शिवण दुहेरी, अन् वर हिरव्या रंगात कापसाचं फूल छापलेलं. काय पिशव्या होत्या म्हणून सांगू... माझ्या लग्नातल्या रुखवतात एवढी चांगली वस्तू नव्हती.

धडा झाला भाकरीच्या सुटीत, वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. मी लिहिलेलं पान मॅडमनी हातात घेतलं, बाया गोल बसल्या. निळं कापड दाखवलं, त्यातली पांढरी रेघ दाखवली, जुन्या पोत्यातून धागा ओढून प्रत्येकीच्या हातावर ठेवला. मग प्रश्न. पोतं बांधलं तर कापसात काय जाते? धागा. धागा गेला तर जिनिंगवाला काय करते? माल वापस धाडते. मग कमरेला काय बांधाचं? पिशवी. बायांनी एकूण एक उत्तर बरोबर दिलं. बिस्मिल्लाबी तर प्रश्न संपायच्या आधीच उत्तर देत होती. मॅडमनी माझा हात दाबला. मी मनात नोकरी पक्की करून टाकली, पहिल्या पगारात मैत्रेयीला घड्याळ घेऊन टाकलं.

वीस दिवसांनी पाहायला जायचं होतं. मॅडम यवतमाळच्या ऑफिसातून पहिल्या एसटीनं आल्या, हातात तक्ता, तक्त्यावर साठ रकाने. आम्ही वावरात पोचलो. दव सरलेलं, बाया तासात, म्हणजे कापसाच्या ओळीत, वाकलेल्या, अन् कमरेला... खताचं पोतं. पहिलीच्या कमरेला पोतं. दुसरीच्या पोतं. मी म्हटलं, पुढच्या तासात असतील. पुढच्या तासातही पोतंच. चंदाबाईच्या कमरेला तर सगळ्यात जुनं, धागे असे लोंबून राह्यलेले जसं म्हाताऱ्या बोकडाची दाढी. मॅडमच्या तक्त्यावर साठ शून्यं. बाई करेल काय? हेच, जे तिची आई करत होती.

मी विचारलं, चंदाबाई, अवं पिशवी कुठं हाये? तर ती माझ्याकडं अशी पाहायला लागली जसं मीच काही वेडंवाकडं विचारलं. "घरी हाये. कुठं जाईन?"

मग आम्ही घरोघर निघालो. मी खोटं नाही सांगत, एका घरात ती पिशवी टीव्हीवर घातलेली, फूल बरोबर समोर. एका घरात उशी झालेली. बिस्मिल्लाबीनं तिच्यात मुलाची शाळेची सगळी प्रमाणपत्रं घालून वर खुंटीला टांगलेली, म्हणाली, "देखो मॅडम, किती मस्त राहते, उंदीर नाही लागत." एका घरी तिच्यात पापड. अन् चंदाबाईची पिशवी घरीही नव्हती. जावयाकडं शेवया पाठवायच्या होत्या, म्हणे, "जवायाच्या घरी काय खताच्या पोत्यात धाडू?" पिशवी जावयाला आवडली. त्यानं निरोप पाठवला होता, अजून दोन मिळतील काय.

मॅडमनी विचारलं, मग वावरात का नाही नेली? चंदाबाई शांतपणे म्हणाली, "मॅडम, एवढी चांगली वस्तू कोणी वावरात नेते काय?"

अन् बाया शिकल्या नाहीत असंही नाही. तिथंच विचारलं तर धागा कसा जातो, कुठं जातो, रंग काहून चढत नाही, सगळं पाठ. मॅडमनी संस्थेच्या नागपूरच्या साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, प्रशिक्षण पुन्हा घ्या, या वेळी तीन तासांचं घ्या. मॅडमनी फोन ठेवला अन् तक्ता गुंडाळला. म्हणाल्या, "ताई, न येणं वेगळं अन् न करणं वेगळं. यांना येतं सगळं. मग तीन तास मी शिकवू काय?" त्यांचा चेहरा एवढा उतरला होता, की माझी नोकरी जाते हे मी विसरूनच गेले. मग एसटीत त्यांना बसवून दिलं अन् परत येताना आठवलं. तीन महिन्यांतले एकवीस दिवस उरले होते.

घरी आले ती तणतणतच आले. ह्यांना म्हटलं, या बाया म्हणजे अशा, या बाया म्हणजे तशा, एवढी सोन्यासारखी पिशवी दिली, वापरायला काय होते? बाई करेल काय, अन् बाई करते काय... हे ऐकत होते. ह्यांचं एक चांगलं आहे, ऐकताना मध्ये बोलत नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "अन् तुही पिशवी कुठं हाये?"

माझी? अहो, साठातली एक मलाही मिळाली होती. आमचं चार एकर आहे, दर रविवारी मी स्वतः वेचायला जाते. मागच्या रविवारीही गेले होते. कमरेला काय होतं? मी तशीच उठले, पेटी उघडली. वर लग्नाचा शालू, त्याखाली मैत्रेयीचा बाळंतविडा, अन् त्याखाली... घडी घालून, डांबराच्या दोन गोळ्या टाकून, माझी पिशवी. फूल वर. धडा लिहिणारी मी. ती एक ओळ लिहायला अकरा पानं जाळणारी मी. अन् पिशवी पेटीत मीच ठेवली, माझ्या हातानं, अन् ठेवताना किती बरं वाटलं होतं, तेही आठवलं.

मी त्या पेटीपुढं बसून इतकी हसले, की मैत्रेयी पाहायला आली. हसता हसता कळलं, की धड्यात चूक नव्हती. चित्रात चूक नव्हती, प्रश्नात नव्हती. पिशवी चांगली होती, तिथंच चुकलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन केला. म्हटलं, मॅडम, पिशव्या खराब कराव्या लागतील. मॅडमनी विचारलं, "किती खराब?" म्हटलं, इतक्या, की पेटीत ठेवायला लाज वाटली पाहिजे. पण कापसाला डाग लागायला नको, म्हणून माती नको, हळद नको. मॅडम म्हणाल्या, करा ताई. साहेबांना मी पाहते.

बायांकडून पिशव्या गोळा केल्या, साहेबांनी मागवल्या असं खोटं सांगून. उशीतून काढल्या, टीव्हीवरून काढल्या. बिस्मिल्लाबीनं प्रमाणपत्रं असे सुस्कारे टाकत काढली, मला वाटलं मीच तिच्या पोराला नापास केलं. जावयाच्या पिशवीचा मात्र नाद सोडला, चंदाबाईला माझी दिली. मग ह्यांना राळेगावच्या स्टँडवर पाठवलं, तिथल्या चहाच्या हॉटेलातून तीन दिवसांचा उकळलेल्या पत्तीचा चोथा आणायला. सायकलच्या मागं दोन डबे बांधून आले. येताना रस्त्यात जो भेटला त्यानं विचारलं, नागोराव, हे काय? हे म्हणाले, "बायकोचं प्रशिक्षण हाये." दुसरा प्रश्न कुणी केला नाही. तेरवीच्या जेवणाचं मोठं पातेलं आणलं, अंगणात चूल मांडली, चोथा उकळला, थोडं मीठ टाकलं, अन् एकेक पांढरीशुभ्र पिशवी त्यात सोडली. तुम्हाला सांगते, पहिली सोडताना मी तिच्यावरच्या फुलाकडं पाहिलंच नाही. मग साध्या पाण्यात चारदा खळबळून काढल्या, पाण्याचा रंग जाईपर्यंत. वाळल्यावर त्यांचा रंग असा झाला, जसं चुलीजवळचं फडकं. फूल कुठं होतं तेही दिसेना.

वाटल्या. बायांनी हातात घेतल्या अन् फूल शोधायला लागल्या. चंदाबाईनं तिची पिशवी उलटीपालटी केली अन् माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेनं मला दोन दिवस झोप नाही आली.

"सत्यभामा, हे काय करून ठेवलं तू? आता हे कायच्या कामाची?"

या वेळी धडा नाही, चित्र नाही, प्रश्न नाही.

तिनं ती झटकली, कमरेला बांधली, पट्टा ओढून पाहिला. "जाऊ दे. वावरातच नेतो आता."

अन् नेली. साठ बायांनी नेली... म्हणजे एकोणसाठ, कारण माझी चंदाबाईला गेली होती अन् मी साडीची ओटी करून वेचत होते. अठरा दिवस गावाच्या तासातासात ती चहाची फडकी हलताना दिसायची. अठराव्या दिवशी नागपूरचे साहेब आले. माझ्या तीन महिन्यांचा तो जवळजवळ शेवटचा दिवस. पांढरा शर्ट, काळा चष्मा. धुऱ्यावर उभे राहिले, पाहिलं, अन् आवाज चढवला, की प्रकल्पाचं नाव काय, स्वच्छ वेचणी, अन् पिशव्या ह्या? एवढ्या महाग पिशव्या दीड महिन्यात अशा झाल्या? हिशेब कोण देणार? मॅडमनी काही सांगायला सुरुवात केली, तर त्यांना बोलूच देईनात. मी पदर बोटाला गुंडाळत उभी. मनात म्हटलं, गेली नोकरी. पातेल्यात मीच उकळली.

तेवढ्यात चंदाबाई तासातून सरळ झाली, कमरेवर हात ठेवला.

"साहेब, चांगली होती तवा घरी बसून राहे. बिघडली तवा कामाले लागली. मानसाचंही असंच हाये, आमच्या बुढ्याले पाहा."

बाया हसल्या. साहेब नाही हसले, पण खाली बसले. तिच्या पिशवीतला कापूस त्यांनी पंच्यावर पसरवला अन् बोटांनी विंचरायला लागले. मग बिस्मिल्लाबीचा. मग आणखी चौघींचा. चष्मा काढला, घाम पुसला, पुन्हा विंचरला. एक धागा नाही. मॅडमनी गपचूप तक्ता पुढं केला, त्यात साठ रकाने, अन् एक सोडून सगळ्यांत खूण. साहेबांनी त्या एकावर बोट ठेवून विचारलं, ही कोण वापरत नाही? मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी खरं सांगितलं. तेव्हा साहेब हसले.

गावाच्या गाड्या जिनिंगला गेल्या अन् रिकाम्या परत आल्या. पहिल्यांदाच लोकांना गाडी रिकामी परत येताना पाहून आनंद झाला असेल. अन् आठवड्यानं मला पत्र आलं, नोकरी कायम. ह्यांनी मागची कोरी बाजूही पाहिली. मी म्हटलं आता तरी संपलं, आता पुढच्या धड्याकडं लागू.

पण साहेबांना आमची गोष्ट फार आवडली ना. त्यांनी वर अहवाल पाठवला, वरच्यांनी आणखी वर पाठवला, वाहवा झाली. अन् पुढच्या हंगामाला मोठ्या खोक्यांतून नवीन पिशव्या आल्या. मॅडमनी अन् मी समाजमंदिरात खोकं फोडलं. आत चहाच्याच रंगाच्या पिशव्या, साहेबांनी खास तसा रंग बनवून घेतलेला, पण असा मऊ, असा तलम, जसं दुधाचा पहिला चहा. काठाला तांबडी पट्टी. आत वेगळा कप्पा. कप्प्याला चेन. अन् प्रत्येकीवर प्रत्येकीचं नाव, धाग्यानं भरलेलं.

बाया जमल्या होत्या. चंदाबाई पुढं आली, तिनं आधी लुगड्याला हात पुसला, दोन्ही बाजूंनी, अन् मगच पिशवी उचलली. हात पुसलेला पाहिला अन् मी समजले. बिस्मिल्लाबी चेन उघडून बघत होती, बंद करत होती, उघडत होती.

मी मॅडमकडं पाहिलं, म्हटलं आता त्या विचारतील, ताई, बाई करेल काय? पण मॅडम त्यांच्या नावाची पिशवी हातात घेऊन काठावरून बोट फिरवत होत्या. माझ्या कानाजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "ताई... एखादी जास्तीची असेल तर अम्मीसाठी नेऊ का पुसदला?"

म्हटलं, एक कशाला, दोन न्या मॅडम. वावरात तर तशाही जाणार नाहीत.